लॉ वाले, नॉन-लॉ वाले आणि कायद्याची कामं : कोणाला कुठे एन्ट्री आहे ते एकदा नीट पाहू

सीईटीचा निकाल लागला की नागपुरात हा वाद ठरलेला. बारावीनंतर पाच वर्षांच्या लॉला गेलेली पोरं म्हणतात, आम्ही अठराव्या वर्षापासून यातच डोकं घालून बसलोय आणि हे बीकॉम, बीएस्सी, इंजिनीअरिंग करून तीन वर्षांच्या एलएलबीला येतात आणि आमच्याच रांगेत उभे राहतात. तीन वर्षवाले म्हणतात, आमच्याकडे तुमच्यापेक्षा एक डिग्री जास्तच आहे, मग रडता कशाला. आणि या दोघांचं चालू असताना सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), टॅक्सवाले, ज्यांनी लॉ कॉलेजचं गेटही पाहिलं नाही, ते कायद्याचीच कामं करून फी घेऊन मोकळे. मग घरचे विचारतात, काहून बे, मग एलएलबी करून मिळते काय?

माझ्या मते गडबड इथंच होते, की आपण याला एकच स्पर्धा समजतो. कायद्याचं काम म्हणजे एक मोठा हॉल नाही, वेगवेगळी दारं आहेत, आणि कोणत्या दारातून कोणाला आत सोडायचं हे वेगवेगळ्या कायद्यांच्या वेगवेगळ्या कलमांत चक्क लिहून ठेवलंय. एका दारावर फक्त सनद (वकिलीचा परवाना) चालते, दुसऱ्यावर सनदवाला आणि सीए दोघंही चालतात, आणि एक-दोन दारं तर अशी की तिथं वकिलालाच बाहेर उभं करतात. पोरं वर्षानुवर्षं भांडतात पण ती कलमं कोणी उघडून पाहत नाही. म्हणून हा लेख, लांबला तर सांभाळून घ्या.

आधी पाच वर्षं विरुद्ध तीन वर्षं हे भांडण मिटवून टाकू, कारण त्यात फार दम नाही. १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आहे, त्यात वकील एकाच प्रकारचा. तुम्ही वारंग्याच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतून क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षं करा नाहीतर आंबेडकर लॉ कॉलेजातून बीएस्सीनंतर तीन वर्षं करा, शेवटी दोघांनाही बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडेच सनदेसाठी अर्ज करायचा, दोघांनाही ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची, आणि सनद हातात आली की त्यावर ‘हा मूळचा बीकॉमवाला आहे’ असं कुठं लिहिलेलं नसतं. फीसुद्धा सारखीच. ती पूर्वी प्रत्येक राज्यात वाटेल तशी, हजारोंनी घ्यायचे. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायद्यात जेवढी लिहिली आहे तेवढीच घ्या, म्हणजे जनरलसाठी ७५० रुपये आणि एससी-एसटीसाठी १२५. बार एक्झाम लागली २०११ पासून, ती घ्यायचा बार काउन्सिलला अधिकारच नाही म्हणून वाद झाला, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठानं अधिकार आहे असं सांगून विषय संपवला.

आणि खरं सांगायचं तर पाच वर्षांचा कोर्सच नवीन आहे हो. बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली बॅच १९८८ ची. त्याआधी जवळपास सगळेच आधी दुसरं काहीतरी शिकून लॉला यायचे. आपल्या नागपूरचे शरद बोबडे आधी बीए मग एलएलबी, अमरावतीचे भूषण गवई आधी कॉमर्स मग लॉ, दोघांनीही वकिली केली ती हायकोर्टाच्या नागपूर बेंचवर आणि दोघंही भारताचे सरन्यायाधीश झाले. तेव्हा तीन वर्षवाल्याला नॉन-लॉ म्हणणं म्हणजे यांनाही नॉन-लॉ म्हटल्यासारखं होतं, आणि तेवढी हिंमत सिव्हिल लाइन्समध्ये तरी कोणी करणार नाही. इंग्लंडमध्ये तर याच्याही पुढची गोष्ट, तिथं २०२१ पासून सॉलिसिटर व्हायची जी परीक्षा आहे तिला लॉची डिग्रीच लागत नाही, कुठल्याही विषयाची चालते, वर दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवायचा. आपल्याकडे तसं नाही, आपल्याकडे एलएलबी पाहिजेच.

आता खरं नॉन-लॉ, म्हणजे ज्याच्याकडे एलएलबी नाहीच असा माणूस. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचं कलम २९ सांगतं की वकिली करायचा हक्क फक्त अ‍ॅडव्होकेटला, आणि कलम ४५ सांगतं की सनद नसताना कोर्टात वकिली केली तर सहा महिन्यांपर्यंत जेल. इतकं कडक आहे. २०१८ मध्ये परदेशी लॉ फर्मच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हेही म्हटलं की वकिली म्हणजे फक्त काळा कोट घालून युक्तिवाद करणं नाही, सल्ला देणं आणि ड्राफ्टिंग करणं हेसुद्धा त्यातच येतं. एवढं वाचलं की लॉ वाल्यांना वाटतं झालं, मैदान आपलंच. पण त्याच कायद्यात पुढं कलम ३२ बसलंय, कोर्टाला वाटलं तर एखाद्या केसपुरतं कोणालाही उभं राहायची परवानगी देता येते. आणि मुख्य म्हणजे हा सगळा पहारा कोर्टाच्या बाजूचा आहे. ट्रिब्युनल, कमिशन, टॅक्स ऑफिस, पेटंट ऑफिस, लेबर कोर्ट, तिथं कोण उभं राहणार हे त्या त्या कायद्यानं आपलं आपलं ठरवलंय. खरा खेळ तिथं आहे.

टॅक्सपासून सुरू करू कारण नागपुरात या कामाला मरण नाही. जीएसटीच्या कायद्याचं कलम ११६ काढून बघा. व्यापाऱ्याच्या वतीनं अधिकाऱ्यासमोर कोण जाऊ शकतो? वकील, सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट, जीएसटी प्रॅक्टिशनर, खात्यातून रिटायर झालेला अधिकारी, व्यापाऱ्याचा स्वतःचा नोकर आणि नातेवाईकसुद्धा. इन्कम टॅक्सच्या १९६१ च्या कायद्यात कलम २८८ होतं, त्यात तर ज्या बँकेत तुमचं खातं आहे त्या बँकेचा अधिकारीही तुमच्या वतीनं जाऊ शकत होता, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, कारण आपल्या बँकेतला माणूस पासबुकवर एन्ट्री मारायला काउंटर सोडत नाही तो आपल्यासाठी सुनावणीला कुठून जाणार.

पण लिस्ट सोडा, काम कसं होतं ते बघा म्हणजे कोण कुठं भारी पडतो ते कळेल. समजा इतवारीतल्या एका हार्डवेअरवाल्याला नोटीस आली, डीआरसी-०१, वर्ष २०२१-२२, म्हणणं असं की तुम्ही थ्री-बी रिटर्नमध्ये जेवढं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) घेतलं तेवढं टू-बीमध्ये (सप्लायरांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या यादीत) दिसत नाही, फरक भरा, वर व्याज आणि दंड. ही नोटीस बीकॉम झालेल्या पोराच्या हातात द्या. तो आधी परचेस रजिस्टर काढेल, एकेक सप्लायरची बिलं टू-बीशी लावत बसेल आणि दोन तासांत सांगेल की यातले अमुक फरक खोटेच आहेत, एका सप्लायरनं बिल चुकीच्या जीएसटी नंबरवर टाकलं, दुसऱ्याची मार्चची बिलं त्यानं एप्रिलच्या रिटर्नमध्ये दाखवली, तिसरीकडे क्रेडिट नोट दोनदा धरली गेली, आणि हे एवढं मात्र खरंच भरावं लागेल.

तीच नोटीस लॉ वाल्या पोरीला द्या. तिनं रजिस्टर उघडलंच नाही, पहिले तारीख पाहिली. नोटीस कलम ७३ खालची, त्यात अधिकाऱ्याला ऑर्डर काढायला वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून तीन वर्षं असतात. २०२१-२२ च्या रिटर्नची मुदत होती ३१ डिसेंबर २०२२, म्हणजे ऑर्डर ३१ डिसेंबर २०२५ च्या आत पाहिजे आणि नोटीस त्याच्या किमान तीन महिने आधी. त्यानंतरची असेल तर आकड्यांत शिरायचीच गरज नाही, मुदतीवरच भांडा. मग ती पाहील की सुनावणीची तारीख दिलीय की त्या रकान्यात नुसतं ‘लागू नाही’ लिहून सोडून दिलंय, कारण कलम ७५ मध्ये स्पष्ट आहे की विरोधात ऑर्डर काढायची असेल तर समोर बोलायची संधी द्यावीच लागते. आणि ऑर्डर विरोधात गेलीच तर अपील तीन महिन्यांत, त्यावर फार तर एक महिना जादा मिळतो, आणि वादातल्या टॅक्सच्या दहा टक्के आधी भरून. एक दिवस उशीर झाला तर बीकॉमवाल्याची ती सगळी सुंदर एक्सेल शीट रद्दीत.

म्हणजे बघा, एकच नोटीस, दोघांना त्यात वेगवेगळी गोष्ट दिसली आणि व्यापाऱ्याला दोन्ही पाहिजे. म्हणूनच मला वाटतं की टॅक्समध्ये नागपुरात सगळ्यात मजबूत माणूस तो, ज्यानं बीकॉम केलं, दोन-तीन वर्षं कोणाकडे रिटर्नं भरली आणि मग तीन वर्षांची एलएलबी केली. त्याला कोणी डिवचत असेल की तू उशिरा आला, तर डिवचू द्या. इन्कम टॅक्सच्या अपिलांसाठी ट्रिब्युनलची बेंच नागपुरात आहेच, जीएसटीच्या नव्या अपील ट्रिब्युनलच्या महाराष्ट्रातल्या बेंचच्या यादीतही नागपूर आहे, म्हणजे पुढची बरीच वर्षं हे काम इथंच राहणार आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, सीए करून वर सनद पण घेतली म्हणजे दोन्हीकडे एकदम प्रॅक्टिस करता येईल असं होत नाही, कुठल्यातरी एका बाजूची प्रॅक्टिस बंद ठेवावी लागते.

कंपनी लॉचं थोडक्यात सांगतो. कंपनीज अ‍ॅक्ट २०१३ च्या कलम ४३२ प्रमाणे एनसीएलटीसमोर (कंपन्यांच्या वादांचं ट्रिब्युनल) सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट आणि वकील चौघंही उभे राहू शकतात, आपली बेंच मुंबईची. महारेराचं (बिल्डर-घरांच्या तक्रारींचं प्राधिकरण) तसंच, रेराच्या कलम ५६ मध्ये हेच चौघं. पण कंपनी सेक्रेटरीची जी खुर्ची आहे ती सीएसचीच. लिस्टेड कंपनी असेल, किंवा भरणा भांडवल दहा कोटी आणि वर असेल, तर पूर्णवेळ सेक्रेटरी ठेवावाच लागतो आणि तो सीएस इन्स्टिट्यूटचा मेंबर पाहिजे, तिथं तुमची एलएलबी गोल्ड मेडल असली तरी चालत नाही. लॉची पोरं ‘कंपनीत जायचं, कंपनीत जायचं’ करतात आणि मिहानमधल्या कंपन्यांत सीव्ही टाकून येतात, त्यांनी ही एक गोष्ट पहिल्या वर्षालाच कळून घ्यावी. लॉ करता करता सीएस देता येतं, बरेच जण देतात.

आता लेबर कोर्ट, आणि इथं लॉ वाल्यांना खरा धक्का बसतो. १९४७ च्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स अ‍ॅक्टचं कलम ३६ होतं (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आला). कामगाराच्या बाजूनं युनियनचा पदाधिकारी उभा राहायचा, मालकाच्या बाजूनं मालक संघटनेचा माणूस उभा राहायचा, आणि वकील? समझोत्याच्या बोलणीत म्हणजे कन्सिलिएशनमध्ये तर वकिलाला बंदीच होती, आणि लेबर कोर्टात उभं राहायचं तर समोरच्या पार्टीची संमती लागायची आणि वर कोर्टाची परवानगी. समोरचा नाही म्हणाला की बसा बाहेर. कारण साधं होतं, मालक मोठा वकील लावेल आणि कामगाराला परवडणार नाही, म्हणून दोघांनाही वकील नको. त्यामुळं या कामात जुने युनियनवाले पक्के तयार झालेत, कोळशाच्या खाणीतला, एमआयडीसीतला माणूस, डिग्री काहीही असो किंवा नसो, पण स्टँडिंग ऑर्डर, ग्रॅच्युइटी, मागचा पगार, हे असं तोंडपाठ की नवीन वकील ऐकतच राहील. एमएसडब्ल्यू करून लेबर वेल्फेअरमध्ये गेलेल्यांचाही इथं जोर. लॉच्या पोरांना माझा सल्ला विचाराल तर अशा एखाद्या युनियनवाल्याच्या मागं महिनाभर फिरा, मूट कोर्टात (कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात) जे शिकवत नाहीत ते सगळं दिसेल.

ग्राहक आयोगात पण तसंच सैल आहे. तक्रार स्वतः करता येते, ऑनलाइनही होते, आणि वकील नसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीनं उभं राहता येतं का या प्रश्नावर सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच हो म्हटलंय. फक्त धंदा म्हणून कोणी हे सर्रास करत असेल तर त्यावर नियमांचा लगाम पाहिजे, असंही त्यातच सांगितलं.

आणि मग येतं पेटंट, जिथं सगळी गंमत उलटी होते. पेटंट्स अ‍ॅक्ट १९७० चं कलम १२६ सांगतं की पेटंट ऑफिससमोर काम करायला पेटंट एजंट व्हावं लागतं, आणि त्याला पाहिजे सायन्स, इंजिनीअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री. एलएलबी नाही. बीए एलएलबी ऑनर्स, युनिव्हर्सिटीत पहिला, पण सायन्स नाही, तर तो या परीक्षेलाच बसू शकत नाही. आणि व्हीएनआयटीतला मेकॅनिकलचा पोरगा, ज्यानं कायद्याचं एकही पुस्तक कॉलेजात उघडलं नाही, तो बसू शकतो, दोन पेपर आणि तोंडी, प्रत्येक पेपरात किमान पन्नास टक्के आणि सगळं मिळून साठ. असं काहून? कारण पेटंटचा जीव असतो क्लेममध्ये, म्हणजे हा शोध नेमका कुठून कुठपर्यंत माझा आहे हे एका वाक्यात बांधणं. त्या वाक्यात ‘स्क्रूनं जोडलेला’ लिहिलं तर उद्या कोणी वेल्डिंग करून तेच मशीन विकेल आणि म्हणेल मी कुठं कॉपी केलं, आणि ‘जोडलेला’ एवढंच मोघम लिहिलं तर पेटंट ऑफिस म्हणेल हे तर आधीपासूनच आहे. कुठला शब्द ठेवायचा हे कळायला मशीन कळावं लागतं. मग पेटंट मिळाल्यावर कोणी उल्लंघन केलं की दावा कोर्टात जातो, आणि तिथं परत सनदवाला लागतो. म्हणजे इंजिनीअरनं वर एलएलबी केली तर दोन्ही टोकं त्याच्याच हातात.

नागपूरच्या पोरांना हे जवळ असून माहीत नसतं की राजीव गांधी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंटलेक्च्युअल प्रॉपर्टी मॅनेजमेंट ही केंद्र सरकारची संस्था इथंच आहे, सिव्हिल लाइन्सला, हिस्लॉप कॉलेजच्या रस्त्यावर. देशभरातले लोक तिथं ट्रेनिंगला येतात आणि आपली पोरं समोरच्या टपरीवर तर्री पोहे खाऊन परत जातात. ट्रेडमार्कमध्ये मात्र सायन्सची अट नाही, तिथं वकिलाला थेट काम करता येतं आणि वकील नसलेला पदवीधर परीक्षा देऊन एजंट होऊ शकतो.

कॉम्प्युटरवाल्यांचं राहिलं. पूर्वी त्यांना लॉमध्ये कोणी विचारत नव्हतं, आता विचारावंच लागतं. कोर्टात सीसीटीव्ही, व्हॉट्सअ‍ॅप चॅट, कॉल रेकॉर्डिंग द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट लागतं. जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टात ते कलम ६५-बी होतं, आणि जालन्याच्या एका निवडणुकीच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टानं पक्कं केलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर हे सर्टिफिकेट पाहिजेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात कलम ६३, आणि आता सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत. पहिला भाग ज्याच्या ताब्यात उपकरण आहे तो भरतो, दुसरा भाग एक्स्पर्ट भरतो, आणि दोन्हीत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, ती कोणत्या पद्धतीनं काढली तेही लिहायचं. हॅश म्हणजे फाइलमधून गणितानं काढलेला एक लांबलचक नंबर, फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी तो पूर्ण बदलतो, म्हणून नंतर कोणी छेडछाड केली की लगेच कळतं. आता डिस्ट्रिक्ट कोर्टात अजूनही व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट झेरॉक्स मारून फाइलला लावलेले दिसतात आणि उलटतपासणीत ते उडतात. बीसीए करून एलएलबीला आलेला ज्युनियर इथं सीनियरला पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतो. नागपुरात फॉरेन्सिक सायन्सची सरकारी संस्थाही आहे, तिथल्या पोरांचा लॉवाल्यांशी कामाचा संबंध येणारच, तो कोर्टात समोरासमोर येण्याआधी कॉलेजात आला तर बरं.

आता सरकारी नोकऱ्या, आणि इथं पाच वर्षवाल्यांची बाजू खरोखर मजबूत आहे, ती वयामुळं. हिशोब करा. अठराव्या वर्षी बारावी धरली तर पाच वर्षांचा लॉवाला तेविसाव्या वर्षी मोकळा, बीकॉम-एलएलबी चोविसाव्या, इंजिनीअर-एलएलबी पंचविसाव्या, तेही कुठं गॅप पडला नाही, सेमिस्टर अडकलं नाही आणि युनिव्हर्सिटीनं निकाल वेळेवर लावला तर, यातलं शेवटचं तर तुमच्या हातातही नाही. आर्मीच्या जॅग ब्रँचमध्ये, म्हणजे तिच्या कायदा विभागात, वयाची खिडकी २१ ते २७, एलएलबीला ५५ टक्के आणि आता क्लॅट पीजीचा स्कोअरही मागतात, म्हणजे इंजिनीअरकडे फार तर दोन वर्षं. बँकेच्या लॉ ऑफिसरला तीस वर्षांपर्यंत चालतं पण सनद पाहिजे.

जज्जाची परीक्षा, म्हणजे एमपीएससीतून दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यात पूर्वी कॉलेजातून थेट बसता यायचं. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. तीन वर्षं मोजायची ती सनदेची तात्पुरती नोंदणी झाल्यापासून, आणि किमान दहा वर्षं जुन्या वकिलाचं सर्टिफिकेट लागतं की हो, हा खरंच काम करत होता. लॉ क्लर्क म्हणून काम केलं तर तेही धरतात. म्हणजे आता पाच वर्षवाला सव्विसाव्या वर्षी बसेल, बीकॉमवाला सत्ताविसाव्या, इंजिनीअर अठ्ठाविसाव्या. फार फरक नाही, पण घरी कमावणारा एकच असेल तर एकेक वर्ष जड जातं, ते फरक नाही म्हणणाऱ्याला कळत नाही. या निर्णयाचा फायदा मात्र तीन वर्षवाल्यांनाच झाला असं मला वाटतं, कारण आधी पाच वर्षवाले चौथ्या वर्षापासून क्लास लावून ताजे ताजे परीक्षेला बसायचे, आता दोघांनाही आधी त्याच कोर्टात तारखा घेत फिरायचं आहे.

मोठ्या लॉ फर्मचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. मुंबई-दिल्लीच्या फर्म कॅम्पसला येतात त्या मुख्यतः वरच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांत, कारण त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून इंटर्न म्हणून पाहिलेली पोरं घ्यायची असतात. तीन वर्षांच्या कोर्समध्ये इंटर्नशिपला उन्हाळेच कमी, वर अर्धी पोरं नोकरी करत शिकतात, सत्तर टक्के हजेरीचा नियम पाळता पाळताच जीव जातो. त्यामुळं तिथं तीन वर्षवाला मागं पडतो, आणि त्यात आधीची डिग्री किती कामाची हे विचारायचीही वेळ येत नाही. याउलट काँट्रॅक्ट तपासणं, कंप्लायन्सचे रिपोर्ट, आउटसोर्सिंगच्या कंपन्यांतलं डॉक्युमेंट रिव्ह्यू, यात नॉन-लॉ ग्रॅज्युएटही सर्रास घेतात आणि पगार लॉ वाल्याच्या आसपासच. आर्बिट्रेशनला तर डिग्रीची सक्तीच नाही, रस्ते-पुलांच्या काँट्रॅक्टच्या भांडणात रिटायर्ड सिव्हिल इंजिनीअर आर्बिट्रेटर म्हणून बसतात आणि समोर उभा असलेला वकील त्यांना बिल ऑफ क्वांटिटीज समजावत असतो, किंवा खरं तर उलटं.

एलएलबी करायची नाही पण हे काम कसं असतं ते जवळून पाहायचं, असंही काहींना वाटतं. त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर असतात, ही नाल्साची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) २००९ ची स्कीम, लॉ डिग्री लागत नाही. पैसे नावालाच, पण जेल, पोलीस स्टेशन, लोकअदालत सगळं पाहायला मिळतं.

राहता राहिला पैशाचा विषय, जो मुलाखतीत कोणी बोलत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियानं सांगितलं की ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० स्टायपेंड द्या. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि सीनियर कोण आहे यावर सगळं. त्यात बार काउन्सिलचा नियम ४९ असा की सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, म्हणजे ‘सकाळी कोर्ट, संध्याकाळी कंपनी’ हा जुगाड बसत नाही, नोकरी धरली तर सनद सस्पेंड करून ठेवावी लागते. मग पहिली दोन-तीन वर्षं काढायची कशी? इथं आधीच्या डिग्रीचा सगळ्यात रोकडा उपयोग आहे. बीकॉम-एलएलबीवाला जीएसटीची आणि इन्कम टॅक्सची रिटर्नं भरतो, ते वकिलीच्याच कामाचा भाग धरलं जातं. नियमातच सूट आहे की कायद्याच्या परीक्षांची शिकवणी घेता येते, पेपर सेट करता येतात, लॉ कॉलेजात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं, कायद्याच्या पुस्तकांचं संपादन पगार घेऊन करता येतं. नागपुरात सीईटीचे आणि जज्जाच्या परीक्षेचे क्लास इतके आहेत की संध्याकाळी सहानंतर शिकवणारे ज्युनियर वकील तिथं कायम लागतात, आणि महिन्याचे पैसे सीनियरच्या आधी तिथून येतात.